दोन चर्चांमधले घंगाळ

मी एक जुने तांब्याचे घंगाळ आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, स्वभावाने संशयी आहे. माझ्यात कोणी पाणी ओतू लागले की मी आधी त्याच्या हातांकडे बघते, मग तोंडाकडे, आणि याला नक्की काय हवे आहे, याचा विचार करत बसते. हा स्वभाव मी जन्मतः आणलेला नाही. तो मला नजा तूमा या गावाने लावला.

माझा जन्म असियूतच्या तांबटआळीत झाला. अय्याद नावाच्या तांबटाने मला सहा दिवस ठोकले, आतून कल्हई केली आणि दोन बाजूंना दोन जाड कड्या बसवल्या. वासिफ नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले, होडीत घालून नाईलच्या काठावरच्या नजा तूमाला आणले आणि गावच्या चर्चला अर्पण केले. तेव्हा गावात एकच चर्च होते.

माझे काम वर्षातून एकदाच असे. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी अबूना बिसादा, म्हणजे आमचे धर्मगुरू, कमरेला पंचा बांधून गुडघ्यांवर बसत आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे गावातल्या पुरुषांचे पाय माझ्यात धुवत. बायका डोळे पुसत. मी चकाकत असे आणि मला फार अभिमान वाटे.

पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. माझ्यात येणारे पाय आधीच धुतलेले असत. टाचा दगडाने घासलेल्या, नखे कापलेली, काहींनी तर तेलसुद्धा लावलेले. पाणी जसे ओतले तसेच स्वच्छ बाहेर जाई. मला प्रश्न पडला, हे पाय धुणे आहे की पाय दाखवणे? माझ्या संशयाला तिथून सुरुवात झाली.

पहिला पाय नेहमी वासिफचा असे, कारण मी त्याने दिलेले. तो वारल्यावर त्याचे दोन मुलगे उरले. थोरला बुक्तुर, ज्याच्याकडे जमीन आणि कापसाची वखार आली; आणि धाकटा सिद्राक, ज्याने अंथरुणाला खिळलेल्या बापाची दोन वर्षे सेवा केली होती. त्या वर्षी गुरुवारी दोघेही पहिल्या बाकावर येऊन बसले. अबूनांनी पाणी ओतले. बुक्तुरने पाय पुढे केला.

सिद्राक म्हणाला, "बाबांचे पाय दोन वर्षं मी धुतले. तेव्हा तुझा पाय कुठं होता?"

"थोरला मी आहे," बुक्तुर म्हणाला. "मागं हो."

सिद्राकने माझी कड धरून मला आपल्याकडे ओढले. बुक्तुरने पायाने मला अडवले. मी कलंडले आणि सगळे पाणी अबूनांच्या अंगरख्यावर गेले. मग सिद्राक उठला आणि निघून गेला. अबूना बिसादा ओल्या कपड्यांनी तसेच बसून राहिले. त्यांनी त्याला परत बोलावले नाही. पुढे कितीतरी वर्षे हे त्यांच्या मनाला लागून होते, असे मला वाटते.

सिद्राकच्या मागे अकरा घरे गेली. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, खजुरीच्या बागेजवळ, कच्च्या विटांचे वेगळे चर्च बांधले आणि शहरातून दुसऱ्या पंथाचे पाद्री बोलावले. पाद्री नसीम किडकिडीत होते, चष्मा लावत आणि मोठ्या माणसांनाही अक्षरे शिकवत. त्यांच्याबरोबर त्यांची बायको मुफीदा आली. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

थोड्याच दिवसांत सिद्राकचा निरोप आला की घंगाळ बापाचे आहे, अर्धे माझे. अर्धे घंगाळ कसे असते, हे मला आजवर कळलेले नाही. अबूनांनी मला गोणपाटात गुंडाळले आणि चर्चच्या आतल्या कपाटात कुलपात ठेवले. पाय धुवायला मातीची परात आणली. मी चौदा वर्षे त्या कपाटात होते.

कपाटातून दिसत नसले तरी ऐकू येत असे. पाद्री नसीम एखाद्या आजाऱ्याला भेटायला गेले की आमच्याकडे म्हणत, जाळे टाकायला गेला. अबूनांनी कुणाच्या लेकराच्या हातावर चार खजूर ठेवले की तिकडे म्हणत, आमिष आहे, थुंकून टाक. दोन्ही चर्चांबाहेर वाटसरूंसाठी पाण्याचे रांजण होते. पण घशाला कोरड पडली तरी एकीकडचा माणूस दुसरीकडच्या रांजणाला तोंड लावत नसे. सख्खे भाऊ बाजारात समोरासमोर आले की बुक्तुर खोकत असे आणि सिद्राक आकाशाकडे बघत असे. मी अंधारात बसून मनात म्हणे, प्रभूचे नाव घेता घेता यांनी गावाची दोन शकले केली. कल्हई उडू लागली तसा माझाही कुणावर विश्वास उरला नाही.

मग कॉलरा आला.

ते खजूर उतरवण्याचे दिवस होते, नाईल फुगलेली होती. गावाच्या दोन्ही वाटांवर पोलीस बसले. कुणी आत येईना, कुणी बाहेर जाईना. आमच्याकडे म्हणाले, सिद्राककडे लग्नाला पाहुणे आले होते, त्यांनी आणला. तिकडे म्हणाले, अबूनांच्या रांजणातून आला. दोन्ही बाजूंनी आपापल्या रांजणावर राखणदार बसवले. पाणी एकमेकांपासून राखले, मित्रांनो. उकळले मात्र कुणीच नाही.

एक सरकारी डॉक्टर येऊन गेला. आजाऱ्यांना बुक्तुरच्या रिकाम्या वखारीत ठेवा, स्वच्छ ठेवा, मीठ-साखरेचे उकळलेले पाणी पाजा, असे सांगून तो पुढच्या गावाला गेला. वखारीत काम करायला पुढे आली ती बलसम, गावची सुईण. निम्मा गाव तिच्या हातांवर जन्मला होता, आणि बाळंतपणाच्या वेळी सुईणीला कुणी तिचा पंथ विचारत नाही. ती तडक अबूनांकडे आली आणि तिने मला मागितले.

अबूनांचा पहिला प्रश्न होता, "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी कशाला पाठवेल? वखारीत एकोणीस माणसं आहेत, अबूना, आणि धुवायला एक बादली."

"ते पवित्र भांडं आहे. पाय धुण्याचं."

"कुणाचे पाय?" बलसम म्हणाली. "तुमच्याकडे येतात ते घरनंच धुऊन येतात. त्यांच्या बायका टाचा घासायचा दगड माझ्याकडून नेतात, मला नका सांगू."

अबूना बराच वेळ किल्ली हातात घोळवत उभे राहिले. शेवटी त्यांनी कपाट उघडले. पण बजावले की सिद्राकच्या माणसांचा किंवा त्या पाद्र्याचा हात याला लागला तर आपण स्वतः येऊन घेऊन जाऊ. बलसमने कबूलही केले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिने मला डोक्यावर घेतले आणि चालू लागली.

वखारीत पाऊल टाकले तेव्हा मला शिसारी आली, हे मी लपवत नाही. चौदा वर्षांपूर्वी माझ्यात तेल लावलेले पाय येत. आता माणसे आपल्याच घाणीत निपचित पडली होती, डोळे खोल गेलेले, बोटे सुरकुतलेली. आणि त्यांच्यामध्ये बाह्या वर करून, चष्मा दोऱ्याने कानाला बांधून, पाद्री नसीम बसले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "हेच का ते?"

"हेच," बलसम म्हणाली.

"मला वाटलं सोन्याचं असेल," पाद्री म्हणाले आणि माझ्यात पाणी ओतू लागले.

मला त्यांचाही संशय आला. आजाऱ्याजवळ बसून हा माणूस त्याच्या कानात काहीतरी सांगणार, आणि मरता मरता त्याला आपल्या पंथात ओढणार, असे मी धरून चालले होते. मी कान देऊन ऐकत राहिले. दोन दिवस ते फक्त एवढेच म्हणत होते की पाणी आणा, याला उताणा करा, तो फडका उकळा.

तिसऱ्या दिवशी अबूनांच्या कानावर गेलेच. ते काठी टेकत वखारीच्या दारात येऊन उभे राहिले. त्या वेळी पाद्री नसीम बुक्तुरचे पाय धुवत होते. होय, बुक्तुरच. स्वतःच्याच वखारीत तो बेशुद्ध पडला होता.

अबूनांनी दारातूनच विचारले, "काय म्हणत होतास त्याच्यावर?"

पाद्र्यांनी मान वर केली नाही. "पाणी बदलायचंय, अबूना. तिकडची कडी धरा."

मी काठोकाठ भरलेले होते. पाद्र्यांनी आपल्या बाजूची कडी उचलली होती. अबूनांनी दुसरी धरली नसती तर ते घाण पाणी आजाऱ्याच्या अंगावर गेले असते. अबूनांनी काठी भिंतीला लावली आणि कडी धरली. प्रेमाने नव्हे, मित्रांनो. दुसरा इलाज नव्हता म्हणून.

पण त्यानंतर ते घरी गेले नाहीत. आपल्या माणसांना त्यांनी कळवले की मी इथे नजर ठेवायला थांबतो आहे, आपल्यातला एकही पळवला जाता कामा नये. पाद्री नसीमही काही साधू नव्हते. त्यांनी मुफीदेला हळूच सांगितले की म्हातारा आपल्या आजाऱ्यांना गुपचूप पवित्र तेल लावायला आला आहे, लक्ष ठेव. असे ते दोघे माझ्या दोन बाजूंना बसून एकमेकांवर पहारा करू लागले. आता नुसता पहारा करताना हात मोकळे राहतात. म्हणून एक जण आजाऱ्याला कुशीवर वळवी, दुसरा पाणी ओती. एक जण फडका पिळी, दुसरा वाळत घाली. आठ दिवस त्यांनी एकमेकांवरची नजर काढली नाही आणि त्या आठ दिवसांत दोघांनी मिळून चाळीसएक माणसे धुतली.

एकदा दुपारी पाद्र्यांकडची भाकरी संपली होती. अबूनांनी आपली, उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी मोडून अर्धी पुढे केली. पाद्र्यांनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली.

"विष नाही त्यात," अबूना म्हणाले. "माझ्या बायकोनं केलीय, म्हणून जरा करपलेली आहे."

पाद्री हसले. अबूना हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या आणल्या.

बुक्तुर वाचला. सिद्राकची सासू वाचली. सहा माणसे गेली, तीन इकडची, तीन तिकडची. आणि वखार रिकामी होत आली तेव्हा सोळाव्या दिवशी सकाळी पाद्री नसीम भिंतीला धरून खाली बसले. दुपारपर्यंत त्यांचा आवाज गेला. अबूना बिसादांनी त्यांचे पाय माझ्यात घेतले. तिसऱ्या प्रहरी पाद्री गेले.

हुकूम असा होता की सूर्य मावळायच्या आत मूठमाती द्यायची. पोलीस बसलेले, शहरातून दुसरे पाद्री येणे शक्य नव्हते. सिद्राक आणि त्याची मंडळी रोगाच्या भीतीने वखारीजवळ फिरकेनात. आत मुफीदा, बलसम, अबूना आणि मी, एवढेच होतो.

मुफीदा अबूनांना म्हणाली, "आता तुम्ही त्यांना तेल लावणार. मेलेल्या माणसाला काही बोलता येत नाही. उद्या गावात सांगणार, शेवटी आमच्यात आला."

अबूना गुडघ्यांवर होते, हातात ओला फडका होता. ते म्हणाले, "मुफीदाबाई, तुमच्यात कसं करतात ते सांगा. मी तसंच करीन."

तिचा विश्वास बसला नाही. "आमच्यात धूप नसतो."

"नाही आणत."

"लांबलचक प्रार्थना नसते."

"ते मला कठीण जाईल. पण आटोपशीर करीन."

"गाणं असतं," मुफीदा म्हणाली, आणि इथे पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "ते सगळ्यांनी म्हणायचं असतं."

अबूनांनी फडका माझ्या काठावर ठेवला. ज्या गाण्यांना त्यांनी चौदा वर्षे पत्र्याचा खडखडाट म्हटले होते, तीच ती गाणी. मग ते म्हणाले, "मला येत नाही ते. तुम्ही शिकवा."

तिने शिकवले. साठीच्या म्हाताऱ्याने ओळी घोकल्या, चुकला, पुन्हा म्हटल्या. मी माझ्या जन्मात पुष्कळ वाकलेली माणसे पाहिली होती. वर्षातून एक दिवस वाकणारी. खरे वाकणे मी त्या दिवशी पाहिले. कबरीपाशी अबूना ते गाणे बेसूर म्हणाले, असे बलसमने नंतर सांगितले. मुफीदा शेवटपर्यंत त्यांच्या हातांकडे बघत होती, कुठे तेलाची कुपी निघते का म्हणून. ती निघाली नाही.

आता सगळे सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. पहारे उठले आणि माझा नवा वनवास सुरू झाला. ज्या घंगाळात कॉलऱ्याची माणसे धुतली ते कुणाला नको होते. आमच्याकडचे म्हणाले, त्यात त्यांच्या पाद्र्याला धुतले, त्यांनाच द्या. सिद्राकची मंडळी म्हणाली, चर्च तुमचे, भांडे तुमचे. ज्यांनी चौदा वर्षे अर्ध्यासाठी भांडण केले, ते आता अख्खे देऊन टाकायला निघाले. शेवटी बलसमने मला राख आणि लिंबाने घासून आपल्या अंगणात नेले. माझ्यात ती तान्ह्या बाळांना न्हाऊ घालू लागली, दोन्हीकडच्या.

तेवढ्यात कुणीतरी बिशपांना निनावी पत्र धाडले की अबूना बिसादांनी परक्या पंथाच्या माणसाला परक्या रीतीने मूठमाती दिली आणि चर्चचे पवित्र भांडे त्यासाठी वापरले. बिशपांचा चिटणीस चौकशीला आला. लोक चर्चमध्ये जमले. जो तो शेजाऱ्याकडे तिरप्या डोळ्यांनी पाहू लागला, पत्र यानेच लिहिले असणार म्हणून. पुरावा म्हणून मलाही आणून मध्ये ठेवले.

चिटणिसाने विचारले, हे खरे आहे का. अबूना म्हणाले, अक्षर न् अक्षर खरे आहे. त्यावर त्याने विचारले, पत्र कुणी लिहिले. मग पहिल्या बाकावरून बुक्तुर उठला. आजारातून उठल्यावर अंगात काही राहिले नव्हते, बाकाला धरून तो उभा होता.

"मी लिहिलं," तो म्हणाला. "मी शुद्धीवर नव्हतो. त्या पाद्र्यानं माझ्यावर पाणी घातलं असं लोक सांगतात. काय मंत्र घातला, मला कुणी सांगत नाही. मी अजून इथलाच आहे की त्यानं मला त्यांच्यातला करून टाकलं?" मग तो बलसमकडे वळला. "तू तिथं होतीस. काय म्हणाला तो माझ्यावर?"

बलसमने थोडे आठवून पाहिले. "काहीच नाही म्हणाले. 'या काकांच्या टाचेला भेग आहे, पाणी फार ऊन नको,' एवढंच म्हणाले."

बुक्तुर खाली बसला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो आपल्या पायाकडे. मग त्याने चिटणिसाला विचारले, तो कागद परत मिळेल का. बिशपांकडे पोचलेला कागद परत मिळत नसतो, असे उत्तर आले. अबूनांना चाळीस दिवस वेदीपासून दूर राहण्याची शिक्षा झाली. त्यांनी मान लववली आणि जाऊन शेवटच्या बाकावर, दाराशी, बसले. ते चाळीस दिवस मुफीदा रोज सकाळी, आता ती चालवत असलेल्या पाद्र्यांच्या शाळेत जाताना, त्या दारापाशी थांबे, आत डोकावून अबूनांना बघे आणि काही न बोलता जाई. ती खात्री करून घ्यायला येत होती की सोबत द्यायला, हे मला सांगता येणार नाही.

पुढचा वसंत आला. सणाआधीच्या त्या गुरुवारी, ऊन चढल्यावर, बुक्तुर बलसमच्या अंगणात आला आणि त्याने मला मागितले. तिने विचारले नाही, दिले. त्याने मला काखोटीला मारले आणि गावाच्या त्या टोकाला गेला, जिथे तो पंधरा वर्षांत गेला नव्हता. सिद्राक म्हशीला वैरण घालत होता. पाय घोट्यापर्यंत शेणामातीने माखलेले.

"काय हवंय?" सिद्राक म्हणाला. "बांधाचं काही असेल तर वखारीत बोलू."

बुक्तुरने मला खाली ठेवले, सिद्राकच्याच रांजणातले पाणी ओतले आणि जमिनीवर बसला. गुडघे कराकरा वाजले. "बैस. पाय दे."

"हे तुला कुणी शिकवलं? अबूनांनी?"

"पाय दे म्हटलं ना."

सिद्राकने दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले, गल्लीत कुणी बघते आहे का ते पाहिले, माझ्या आतही डोकावून पाहिले. कुठेतरी काहीतरी डाव असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मग तो उलट्या टोपलीवर बसला आणि त्याने डावा पाय माझ्यात ठेवला. पाणी काळे झाले. बुक्तुरने तो पाय बोटाबोटांमधून नीट धुतला, पंच्याने पुसला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

सिद्राकने उजवा पाय मागे घेतला.

"हा पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "बघू, येतोस का."

तो आला, मित्रांनो. पुढच्या वर्षी आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. दर वर्षी एकच पाय. दुसरा राखून ठेवलेला. चर्च आजही दोन आहेत, बाक वेगळे, गाणी वेगळी, वादही आहेत. सिद्राकचा संशय मरेपर्यंत पुरता गेला नाही, आणि माझाही गेलेला नाही. पण राखलेल्या त्या एका पायासाठी दोन भावांची गाठ तुटायची राहिली.

हल्ली मी गावच्या दवाखान्यात नळाखाली असते. माझी एक कडी सैल झाली आहे, कल्हई पार गेली आहे. अलीकडे काही मंडळी मला पाहून गेली. त्यांना मला काचेच्या पेटीत ठेवायचे आहे, पवित्र वस्तू म्हणून; फक्त पाटीवर कुठल्या चर्चचे नाव लिहायचे, यावर त्यांचे एकमत होत नाही. तुम्ही मुले तरी त्यांना एवढे सांगा. या घंगाळाला काच नको, पाटी नको. एखादा कल्हईवाला बघून द्या, कडी ठोकून घ्या, आणि कुणी आजारी पडले की, तो कुठल्या चर्चचा हे विचारण्याआधी, ते भरून घेऊन जा.